खुब्यातली गादी

आमच्याकडे कमरेखाली काहीही दुखलं की त्याला ‘गॅप’ म्हणतात. मणक्यात गॅप. देवळ्याला जा नाहीतर कळवणला जा, घरटी एक गॅपवाला माणूस आणि खुंटीला लटकलेला कमरेचा पट्टा सापडेल. माझ्या धाकट्या बहिणीलाही गॅपच होता आणि तो तिनं कितीतरी वर्षं वागवला. पट्टा बांधला, शेक घेतला, मालेगावकडच्या एका चोळणाऱ्या माणसाकडे खेपा घातल्या. तिची सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “मनकामा गॅप शे, दुसरं काही नही.” आम्ही घरात अहिराणीच बोलतो. इथे मी बाकी सगळं साध्या मराठीत लिहिते आहे, पण सासूबाईंचं हे वाक्य मराठीत आणलं की त्यातला निर्धास्तपणा जातो.

खरं तर बहिणीला दुखायचं जांघेत. जांघेत दुखतं असं आमच्याकडे बाई चारचौघांत सांगत नाही, पुरुष डॉक्टरला तर नाहीच नाही. ती ‘कंबर’ म्हणते. कंबर म्हटल्यावर डॉक्टर कंबर तपासतो, कमरेचा एक्स-रे काढतो, आणि कष्टकरी बाईच्या कमरेत थोडीफार झीज निघतेच. मग सगळ्यांचंच समाधान होतं.

ती माझ्याहून बरीच लहान, आता चाळिशीच्या उंबऱ्यावर. देवळा तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली, घरचे कांदे. मी नाशिकला, सिडकोत. माझी खानावळ आहे. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतली माणसं जेवायला येतात. एकदा ती माझ्याकडे दोन दिवस राहायला आली होती. सकाळी संडासात गेली ती बाहेर येईना. दार वाजवलं तर आतून म्हणाली, येते, पाय धरलाय. आल्यावर मी तिला पलंगावर बसवलं आणि म्हटलं, नेमकं कुठं दुखतं तिथं बोट ठेव. तिनं आधी दाराकडे बघितलं, कोणी नाही याची खात्री केली आणि मग जांघेच्या घडीत बोट ठेवलं. म्हटलं, ही कंबर आहे होय? त्यावर म्हणाली, आता काय सांगणार कोणाला.

दुसऱ्या दिवशी मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं आणि बोलायचं काम माझ्याकडे घेतलं. त्यांनी तिला खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. ती डुलत चालते. लहानपणापासूनच तशी. आम्ही तिला बदक म्हणायचो, तीही हाक मारली की ओ द्यायची. डॉक्टर मात्र तिचं चालणं बघून हसले नाहीत. त्यांनी खुब्याचा एक्स-रे काढायला सांगितला.

एक्स-रे आल्यावर त्यांनी एका हाताची मूठ दुसऱ्या तळहातात ठेवून दाखवली. खुबा म्हणजे वाटी आणि वाटीत फिरणारा गोळा. हिची वाटी जन्मापासून उथळ. त्यामुळे गोळा आत न बसता काठावर टेकलेला. वाटीला आणि गोळ्याला आतून गुळगुळीत गादीचं अस्तर असतं, म्हणून हाड हाडाला घासत नाही. हिचा सगळा भार काठावर येत आलाय, तेव्हा तिथली गादी झिजत आली असणार. किती झिजली, हा प्रश्न.

गादी बऱ्यापैकी शिल्लक असेल तर वाटी कापून, फिरवून, गोळ्यावर नीट झाकण बसवल्यासारखी बसवता येते. सांधा आपला आपल्याकडे राहतो. संपली असेल तर वाटी फिरवून काही उपयोग नाही. गोळ्या खायच्या, जपून राहायचं, आणि अगदीच सहन होईना झालं की पूर्ण सांधा बदलायचा. एक्स-रेत गादी दिसत नाही, हाडच दिसतं. त्यासाठी एमआरआय, तोही गादीसाठी वेगळा लावलेला.

बहिणीनं विचारलं, खाली बसता येईल का.

ते म्हणाले, “वाटी फिरवली तर येईल, बरीच वर्षं येईल. सांधा बदलावा लागला तर मांडी नाही, उकिडवं नाही. जमीन विसरायची.”

हे तिच्या दृष्टीनं काय होतं ते सांगायला हवं. ती खापरावरचे मांडे करते. मांडा म्हणजे पुरणपोळीची थोरली बहीण. सैल तिंबलेल्या कणकेत पुरण भरायचं, थोडं लाटून उचलायचं आणि मग पालथ्या हातांवर, मनगटांवर, कोपरापर्यंत खेळवत वाढवायचं. धोतरासारखं पातळ झालं की चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर सोडायचं. सोडताना हात जरा रेंगाळला की फाटतो, घाई केली की चुणी पडते. हे सगळं जमिनीवर, एक पाय मुडपून आणि एक गुडघा उभा करून. लग्नघरी तिला बोलावणी असायची. चार बायका बसल्या तर गावातली माणसं सांगायची, हा मांडा हिचा. सिडकोत निम्मी वस्ती आमच्याच भागातली, सणाला त्यांना मांडे लागतात आणि फ्लॅटमध्ये चूल नसते. बहीण भल्या सकाळी करून गाडीत द्यायची, मी घरोघर पोचवायची. सासरी तिला जो काही मान होता तो या कामाचा होता. बाकी घरात ती धाकटी सून.

मी व्यवहारी बाई आहे. डॉक्टरांच्या दारातून बाहेर पडताच म्हटलं, चूल वर घे, उभ्यानं कर. तिनं सांगितलं, ते करून झालंय. गवंडी बोलावून गोठ्याच्या भिंतीला ओटा बांधून घेतला होता. खापर तेवढ्या उंचीवर गेलं की झळ सरळ तोंडावर येते आणि मांडा वरून सोडता येत नाही, हात खांद्याएवढे उचलावे लागतात. तेही जमवलं असतं, पण उभं राहिलं की सगळा भार त्याच पायावर. थोडे मांडे झाले की तिला ओटा धरून लोंबकळावं लागे. आता त्या ओट्यावर सरपण ठेवतात.

तेव्हा सगळं त्या फोटोवर येऊन ठेपलं.

एमआरआयला ती नवऱ्यासोबत आली. आमचे मेहुणे शांत माणूस. तिथल्या बाईनं अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. मंगळसूत्र निघालं, कानातलं निघालं, जोडवी काही निघेनात. साबण लावून, पिळून पिळून काढली. मला वाटलं, आता ही कुरकुर करणार. आमच्याकडे जोडवी निघतात ती एकदाच. ती काही बोलायच्या आत मेहुण्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, “मी इथंच बसलोय, जिवंत. बिनघोर काढ.” तिनं जोडवी त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, मी येईपर्यंत तसेच राहा. आत जाताना आम्ही दोघी हसत होतो.

मीही अंगावरचं काढून आत बसायची परवानगी घेतली. खोली थंडगार. मशीन चालवणारे गृहस्थ माझ्याच वयाचे, दिवसभर तेच तेच सांगून कंटाळलेले, पण रागीट नव्हते. तिला सरळ निजवलं, ओटीपोटावर जाड पाटीसारखं काहीतरी ठेवून पट्ट्यानं आवळलं, हातात दाबायचा फुगा दिला, कानावर आवाज अडवायचं लावलं. मग ते पायाशी गेले. दोन्ही पावलं धरून आत वळवली, अंगठ्याला अंगठा लावला आणि पांढऱ्या चिकटपट्टीचा वेढा दिला.

ती उठून बसली. म्हणजे पट्टा होता तरी जेवढं उठता येईल तेवढी उठली.

“दादा, हे सोडा.”

त्यांनी समजावलं. पाय मोकळे राहिले की पावलं बाहेर पडतात, त्यासोबत खुबा फिरतो, आणि झोप लागली की माणूस हलतो. गादी कागदाच्या चार घड्यांएवढी जाड, जरा हललं की दिसत नाही. सगळ्यांचेच बांधतो, दुखत नाही.

“मेल्यावर बांधा. आत्ता नको.”

आमच्यात माणूस गेलं की त्याला जमिनीवर घेतात आणि पायाचे दोन्ही अंगठे एकमेकांना बांधतात. घरात पोरंसोरं खेळात पायाला पाय बांधायला लागली तरी मोठी माणसं ओरडतात. हे मलाही ठाऊक होतं, पण डोक्यात आलं नव्हतं. मी तिच्या कानावरचं बाजूला करून सांगितलं, अगं, फोटो आहे हा, अर्ध्या तासाचं काम, डोळे मिटून घे. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तुझं काय जातं. तू नव्हतेस बांधले.”

हे खरं होतं. आई गेली तेव्हा मी नाशिकहून पोचेपर्यंत पुढचं सगळं झालेलं होतं. आई शेवटी बहिणीच्याच घरी होती. अंगठे बांधायला दुसरं कोणी पुढे आलं नाही, म्हणून तिनं बांधले, आईच्याच जुन्या लुगड्याच्या चिंधीनं. पाय ताठ झाले होते आणि गाठ दोनदा सुटली. हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं, तेही भाजी निवडता निवडता, आणि मी पुढे काही विचारलं नव्हतं.

ती म्हणाली, नका बांधू, मी हलणार नाही. त्या गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. बाहेर माणसं ताटकळत होती. त्यांनी चिकटपट्टी सोडली, बाजूनं उशा लावल्या आणि तिला आत सरकवलं. मशीन ठोकायला लागलं. कोणीतरी पत्र्याच्या शेडवर दगड मारत राहावं तसा आवाज. मी तिच्या पायांकडे बघत होते. ती हलली नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण पावलं हळूहळू बाहेर पडत गेली, उशा दाबत, आणि दुखऱ्या पायाला मधूनच एक झटका यायचा, झोपलेल्या कुत्र्याला येतो तसा. त्यावर तिचा इलाज नव्हता.

डॉक्टरांनी फोटो बघून तोंड वाकडं केलं. गोळ्याच्या कडेला एकाऐवजी दोन-तीन पुसट रेघा होत्या, एकीवर एक सरकलेल्या. त्यातली कुठली गादी आणि कुठली हलण्यानं आलेली सावली, हे सांगता येणार नाही म्हणाले. असेलही, नसेलही. पुन्हा काढा.

पुन्हा लगेच काढता आला नाही, कांदे काढणीला आले होते. आणि या मधल्या दिवसांत बहिणीनं ‘असेलही, नसेलही’ मधलं ‘नसेलही’ गाळून टाकलं. फोनवर एकदम मोकळी बोलायला लागली. गावात सांगितलं, गादी आहे म्हणतात, जरा नीट दिसली नाही एवढंच. मेहुण्यांनी फिल्म अंगणात उन्हाला धरून शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवली, ही वाटी, हा गोळा, ही बहुतेक गादी. सासूबाई म्हणाल्या, मीही तेच म्हणत होते, मोठं काही नाही. वाटी फिरवल्यावर किती महिने निजून राहावं लागेल, त्या काळात म्हशीचं कोण बघेल, इथपर्यंत तिचं ठरवून झालं होतं. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मांड्यांसाठी लोकांना आत्ताच हो म्हणून ठेव, असं तिनं मला सांगितलं. यंदा निम्मेच करीन, पुढच्या वर्षी पूर्ण. मी तिला आवर म्हटलं नाही. म्हणून उपयोग नव्हता, आणि मलाही तसं वाटायला लागलं होतं.

राहिला प्रश्न पाय बांधायचा. मी मशीनवाल्यांना फोन करून विचारलं की अंगठेच बांधायला हवेत का. ते म्हणाले, मला पावलं आत वळलेली आणि न हलणारी हवीत, तुम्ही ती कुठे का बांधेनात. हे बहिणीला सांगितलं तशी ती म्हणाली, “मग गाईला बांधतो तसं बांधू. गुडघ्याच्या वर.”

आमच्याकडे लाथाड गाय असली की धार काढताना तिच्या मागच्या पायांना गुडघ्यांच्या वर दोरीचा आठ आकड्यासारखा वेढा देतात. गाय उभी राहते, दूध देते, हलत मात्र नाही. त्यात अशुभ काही नाही, रोजचंच.

चैत्रात ती आली ती पिशवीत धुतलेलं सुती फडकं घेऊन. त्या गृहस्थांसमोर स्वतः मांड्यांना आठाचा वेढा घालून दाखवला. मेहुणे दारातून म्हणाले, जपा हो, लाथ मारायची सवय आहे. ती म्हणाली, तुम्हाला अनुभव दिसतो. त्या दिवशी मशीनवाले गृहस्थ पहिल्यांदा हसले. त्यांनी पावलं आत वळवून बाहेरच्या बाजूनं वाळूच्या जड पिशव्या लावल्या, घोट्यांच्या वर रुंद पट्टा घेतला, अंगठे मोकळे ठेवले. मग पुन्हा तो पत्र्यावर दगडांचा आवाज. पाय दगडासारखे राहिले. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, आला का नीट. ते म्हणाले, फार सुंदर आलाय, असा क्वचित येतो.

तिथून डॉक्टरांकडे जाताना रिक्षात ती गाणं गुणगुणत नव्हती एवढंच.

फोटो खरंच सुंदर आला होता. डॉक्टरांनी संगणक आमच्याकडे वळवला. आधी चांगली बाजू दाखवली, डावी. गोळ्याभोवती एक करडी रेघ, सलग, पेन्सिलीनं काढल्यासारखी. ही गादी, म्हणाले. मग उजवी बाजू. तिथेही रेघ होती, खालून निघाली, वर चढत गेली आणि जिथे वाटीचा काठ गोळ्यावर टेकतो तिथे येऊन संपली. पुढे हाडाला हाड. हाडाच्या आत पांढरे ठिपके होते, ते म्हणाले, घासून घासून आत पाणी धरलंय. एवढं स्वच्छ दिसत होतं की मला, खानावळवाल्या बाईलाही, समजलं. मी पुन्हा पुन्हा ती रेघ खालून वर बघत होते. दर वेळी ती तिथेच संपायची.

बहीण म्हणाली, “थोडीसुद्धा नाही?”

“कडेला आहे. जिथं भार येतो तिथं नाही.”

“मग कडेवर भार द्या.”

डॉक्टरांनी तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. म्हणाले, ते ऑपरेशन म्हणजे तेच असतं, तुम्ही बरोबर बोललात. पण कडेचीही फाटली आहे, इथे बघा. त्यांनी दाखवलं. सुती कापडाची कड उसवते तशी कड होती. त्यावर भार दिला तर वर्षा-दोन वर्षांत तीही जाईल, आणि एवढं मोठं ऑपरेशन फुकट जाईल. मी करणार नाही.

मेहुण्यांनी विचारलं, पहिल्या वेळी फोटो नीट आला असता तर? मला वाटतं, तो प्रश्न त्यांना पहिल्या दिवसापासून टोचत होता. डॉक्टर म्हणाले, काही फरक नाही, ही काही महिन्यांची गोष्ट नव्हे. तिशीत आला असतात तर वेगळं झालं असतं.

बहिणीनं फडकं पिशवीत नीट घडी करून ठेवलं. म्हणाली, “तिशीत मी कंबर म्हणत होते.”

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या. वजन वाढू देऊ नका, पाणी-दळण उचलू नका, खाली बसू नका. सांधा बदलायला अजून वय कमी आहे, जेवढं ढकलता येईल तेवढं ढकला. कधीपर्यंत, असं मी विचारलं. सहन होईल तोवर, म्हणाले. हे उत्तर मला आवडलं नाही, पण दुसरं उत्तर नव्हतं, म्हणून मी वाद घातला नाही.

अखाजीचे मांडे होणार नाहीत हे मी एकेकाला फोन करून सांगितलं. काहींनी हळहळ केली, काहींनी विचारलं, पुढच्या वर्षी तरी? मी नाही म्हटलं. एका ओळखीच्या बाई म्हणाल्या, तुम्हीच का नाही शिकत, तुमचा तर धंदाच आहे. मला ते पटलं. मी खानावळ आठवडाभर बंद ठेवून बहिणीच्या गावी गेले.

तिच्यासाठी घरात प्लास्टिकची खुर्ची आली होती. सगळे जमिनीवर आणि ती वर. जेवायला बसलो तर ताट मांडीवर घेऊन ती खुर्चीत, आणि सासूबाई खाली तिच्या पायाशी. सासूबाई म्हणाल्या, बरा जमाना आला, सून सिंहासनावर अन् सासू पायथ्याशी. त्या थट्टेनंच म्हणाल्या होत्या. बहीण उठली आणि ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली, उभ्यानं जेवली. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचं झाल्यावर जेवायला लागली. कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं.

अखाजीच्या सकाळी चूल पेटवली. मी खाली बसले, ती खुर्ची ओढून शेजारी. सांगत गेली. मनगट सैल सोड. ओढू नको, त्याला आपोआप वाढू दे. बोटं आत घे, नखं लागतात. मी आयुष्यभर पोळ्या लाटल्या आहेत, माझे हात कणकेला घाबरत नाहीत. तरी पहिला कोपरापाशी फाटला, पुरण माझ्या पदरावर. दुसरा खापरावर पडता पडता घडी झाला. तिसऱ्याला मध्ये भोक. सासूबाई ते तुकडे गोळा करून म्हशीच्या पाटीत टाकत होत्या आणि म्हणत होत्या, म्हशीची अखाजी झाली. बहीण आधी हसली. मग तिचं हसणं थांबलं. माझ्या हातांकडे बघता बघता तिचे स्वतःचे हात खुर्चीत बसल्या बसल्या हलायला लागले.

“सरक,” ती म्हणाली.

मी म्हटलं, डॉक्टरांनी काय सांगितलंय. ती म्हणाली, घरच्यापुरते. खुर्चीचा हात धरून, चांगला पाय पुढे टाकून ती खाली उतरली, उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून मुडपला, तोंडातून आवाज येऊ दिला नाही. मी सरकले. तिनं कणीक घेतली. ते मी पुष्कळदा बघितलेलं आहे, तरी त्या दिवशी नीट बघितलं. तिच्या हातावर मांडा पसरतो तेव्हा तो कोणी पसरवतंय असं वाटतच नाही. घरच्या सगळ्यांचे झाले, शेजारच्या दोन घरांचे झाले. कणीक संपली तेव्हा तिनं परातीला लागलेली कणीकही पुसून घेतली आणि त्याचा एक बारका केला.

मग तिला उठता येईना. पाय मुडपलेल्या जागीच अडकला होता. मी आणि मेहुण्यांनी काखेत हात घालून उचलली. उचलताना ती ओरडली. एकदाच, पण गल्लीत ऐकू गेलं असणार. त्यानंतर ती चार दिवस अंथरुणात होती. गोळी वाढवली, फरक पडला नाही. पाय थोडा जरी वळला तरी आत काहीतरी करकरतं, म्हणाली.

मी निघाले तेव्हा तिनं मेहुण्यांना खापर फडक्यात बांधायला सांगितलं. तेच फडकं, एमआरआयला पाय बांधायला नेलेलं. मला म्हणाली, हे तू घेऊन जा.

मी म्हटलं, माझ्याकडे चूल कुठे आहे.

“नसू दे. घरात राहिलं तर मी बसेन.”

गावात कोणाला तरी देऊन टाक, असं मी सुचवून बघितलं. पण गावात दिलं असतं तर दुसऱ्याच्या चुलीवर ते तिच्या नजरेसमोर आलं असतं. मी घेतलं. देवळ्याहून नाशिकपर्यंत एसटीत मांडीवर धरून बसले. शेजारच्या बाईनं काय आहे विचारलं, मी मडकं म्हटलं. वडाळीभोईच्या पुढे खड्डे सुरू झाले तसे मी दोन्ही हात खापराखाली घातले आणि माझ्याच मांड्यांना मुंग्या आल्या. घरी पोचून ते माळ्यावर ठेवलं, पालथं. गॅसवर ते चालत नाही, मला ते करता येत नाही, आणि फेकायला हात होत नाही. एवढ्यावर तो विषय संपला.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. पोचलीस का, गर्दी होती का, खानावळीत कोणी आलं होतं का, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, खापर?

मी म्हटलं, नीट आलं.

“फुटलं नाही?”

“नाही.”

मागे सासूबाई कोणाला तरी सांगत होत्या, मणक्याचंच आहे, खुबा म्हणतात पण मणक्याचंच. मग बहीण म्हणाली, “फुटलं असतं तर बरं झालं असतं,” आणि गोळीची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.